दूरच्या वाटेवर असलेल्यांचा वल्हांडण

आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) पाळकीय मंडळाला खुले पत्र

आदरणीय फादर, सिस्टर आणि मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम जय ख्रिस्त.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी अंगणवाडी बंद करून घरी आले, तर ओट्यावर मायलेकी बसलेल्या. गुजरातेतली ऊसतोड संपवून आदल्या रात्रीच टेम्पोनं परतल्या होत्या. मुलगी चौथीतली. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला पांढरा फ्रॉक होता. बाहीला जाळी, कमरेला साटिनची पट्टी. व्याऱ्याच्या बाजारातून घेतलेला, किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. आईनं विचारलं, "बाई, हिचा पहिला ख्रिस्तप्रसाद कोणत्या रविवारी?"

मुलांनी वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायचा तो सोहळा होऊन तीन आठवडे झाले होते.

मी तसं सांगितलं. आई काही बोलली नाही. मुलीनं फ्रॉक पिशवीतून काढला, पुन्हा नीट घडी केली आणि आत ठेवला. तिच्या बोटांवर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक रेघा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. मग ती म्हणाली, "बाई, मला सगळं पाठ आहे." आणि ओट्यावर उभी राहून, हात जोडून, तिनं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. मग 'नमो मारिया'. मग दहा आज्ञा. सातव्या आज्ञेला अडली, आईकडे पाहिलं, आठवली, पुढे गेली. पडावावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या तळावर, तिची मावशी रात्री मोबाइलच्या उजेडात शिकवायची. ती मावशी पंधरा वर्षांपूर्वी माझ्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात होती.

या वर्षी अशी नऊ मुलं राहिली. नऊही जणांची नावं आपण यादीतून काढली, कारण धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांची पंचाहत्तर टक्के हजेरी भरत नव्हती. हा नियम आपल्याच मंडळानं केला. मी त्या सभेला होते आणि मीही हात वर केला होता. कारणही खोटं नव्हतं. शेवटच्या महिन्यात येऊन मुलाला ओळीत उभं करायचं, फोटो काढायचा आणि नंतर वर्षभर देवळाकडे फिरकायचं नाही, असं गावातली काही कुटुंबं करत होती. त्यांना आवर घालायला नियम केला आणि लागला तो भलत्यांनाच. तेव्हा मला हे सुचायला हवं होतं, सुचलं नाही. म्हणून ती चूक आधी माझ्या नावावर लिहून मग हे पत्र लिहिते आहे.

मंडळातले आपण बरेच जण नोकरदार आहात. शाळेत, बँकेत, रेल्वेत. ऊसतोड आपल्याला माहीत नाही असं मी म्हणत नाही, पण ती जवळून कशी असते ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलं की मुकादम पाड्यावर येतो आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. कुणी ती दुखण्याला घेतो, कुणी लग्नाला, कुणी नुसती जगायला. उचल घेतली की माणूस बांधला गेला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, कोयता म्हणजे हत्यार नव्हे, जोडपं. दिवाळीच्या आसपास ट्रक येतात. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असं उतरत लोक दक्षिण गुजरातच्या उसात पसरतात. गावाबाहेर मोकळ्या शेतात बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाच्या झोपड्या पडतात, त्याला पडाव म्हणतात. पहाटेच्या काळोखात तोड सुरू होते, संध्याकाळी मोळ्या बांधून झाल्या तरी सुटका नाही, रात्री कधीही ट्रक आला की भरायला उठायचं. मजुरी टनावर. मध्ये खावटी म्हणून ज्वारी मिळते, ती हिशोबातून कापली जाते. एका शेतातला ऊस संपला की पडाव उठतो आणि दुसरीकडे बसतो. कारखान्याचा पट्टा बंद झाला, म्हणजे गाळप संपलं, की एप्रिलच्या शेवटी, कधी मे उजाडल्यावर, माणसं घरी येतात आणि हिशोबात फिटलं नाही तर पुढच्या वर्षाची उचल डोक्यावर घेऊनच येतात.

मुलं का नेता, असं आपल्या सभेत विचारलं गेलं होतं. वसतिगृह आहे, आश्रमशाळा आहे, आजी आहे. काही जण ठेवतातही, आणि ज्यांची सोय होते त्यांचं बरं होतं. पण आई ऊस तोडत असताना आठ महिन्यांच्या भावाला बांधावर कुणी सांभाळायचं? या फ्रॉकवाल्या मुलीनं ते केलं. अंगणवाडीत मी त्या बाळाचं वजन केलं तेव्हा ते मला बरं वाटण्याइतकं भरलं, आणि ती त्याच्या बहिणीची कमाई आहे. ती भावाजवळ बसून होती, म्हणून आपल्या हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे फुल्या पडल्या.

आता आपलं चर्चचं वर्ष यांच्या वर्षाशेजारी ठेवून पाहा. दिवाळीनंतर ते गेले. आगमनकाळ गेला, नाताळ गेला. राखेचा बुधवार, क्रूसाची वाट, पुण्य गुरुवार, शुभ शुक्रवार, पुनरुत्थानाची (ईस्टरची) रात्र, सगळं गेलं. पुनरुत्थानानंतर दोन-तीन आठवड्यांत आपण प्रथम ख्रिस्तप्रसाद ठेवतो आणि मेच्या सुरुवातीला, सुट्टी लागली म्हणून, दृढीकरण, म्हणजे श्रद्धा दृढ करण्याचा संस्कार. त्यानंतर लोक परत येतात. पाऊस पडतो. देवळात साधा काळ सुरू झालेला असतो, वेदीवर हिरवा कपडा, आणि आपले कार्यक्रम संपलेले असतात. धर्मग्रामातली निम्म्याहून अधिक पाड्यावरची कुटुंबं जेव्हा घरी असतात, तेव्हा आपण विसावा घेतो.

जानेवारीच्या वार्षिक सभेत 'लोक येत नाहीत' अशी तक्रार होते. त्या दिवशी ते लोक नव्वद-शंभर किलोमीटरवर उसात वाकलेले असतात. आपण ज्यांची तक्रार करतो, ते ती ऐकायलाही नसतात.

नवापूरचं स्टेशन आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, फलाटावर हद्दीची खूण. लोक तिथे बाकावर बसून फोटो काढतात. आमच्या घरात मात्र त्या खुणेचा अर्थ वेगळा होता. खूण ओलांडली की आपला फादर, आपलं देऊळ, आपली मिस्सा (देवळातली उपासना) मागे राहिली. माझे आई-वडील कोयत्यावर होते. मी सातव्या वर्षापर्यंत पडावावरच वाढले.

त्या काळातली एक गोष्ट मला सांगायलाच हवी. बारडोलीच्या बाजूला एका पडावावर माझ्या आईला मुलगा झाला, वेळेच्या आधी. रात्रीतून त्याचा श्वास बारीक होत गेला. दवाखाना लांब, वाहन नाही. पहाटे आईनं घागरीतलं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच्या डोक्यावर तीनदा ओतलं आणि "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला स्नान देते" असं म्हटलं. तिला दुसरं काही येत नव्हतं. कोणी तरी लहानपणी सांगितलं होतं की माणूस जात असेल तर कुणीही हा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देऊ शकतं. सूर्य वर यायच्या आत भाऊ गेला. बांधाच्या कडेला, कडुलिंबाखाली त्याला ठेवलं आणि त्या दिवशीही तोड झाली.

मे महिन्यात घरी आल्यावर आई मला घेऊन मिशनवर गेली. तेव्हाचे फादर वयस्कर होते, मोटरसायकलवरून पाडे फिरायचे, आमच्या बोलीत चुकतमाकत बोलायचे. आई घाबरली होती, आपण फादरचं काम केलं म्हणून रागावतील असं तिला वाटत होतं. फादरनी तिला खुर्चीवर बसवलं. दोनच गोष्टी विचारल्या. पाणी वाहिलं का? शब्द कोणते म्हटले? आईनं ते शब्द पुन्हा म्हटले. फादरनी कपाटातून स्नानसंस्काराचं जाडं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि म्हणाले, नाव काय ठेवायचं? भावाला नाव नव्हतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी योसेफ म्हटलं, कारण मला तेवढंच नाव आठवलं. फादरनी लिहिलं. ठिकाणाच्या रकान्यात 'उसाचा पडाव, बारडोलीजवळ' असं लिहिलं. स्नान देणाऱ्याच्या रकान्यात माझ्या आईचं नाव लिहिलं. मग शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच ठेवून तिला दाखवलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

ती ओळ आजही आपल्या पुस्तकात आहे. मागच्या वर्षी लग्नाच्या दाखल्यांसाठी मी सिस्टरांबरोबर जुनी पुस्तकं चाळत होते, तेव्हा पाहिली.

धर्मशिक्षकांच्या शिबिरात नंतर कळलं की आईनं केलं ते नियमाला धरूनच होतं. चर्चच्या कायद्याचा ८६१ वा नियम सांगतो की गरज पडली तर योग्य हेतू असलेला कोणीही माणूस स्नानसंस्कार देऊ शकतो. फादरांनाही तो नियम ठाऊक असणार. पण आईला त्यांनी नियम ऐकवला नाही, तिचं म्हणणं ऐकलं आणि तिच्या मुलाला धर्मग्रामात जागा दिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की पडावसुद्धा आपल्या धर्मग्रामात येतो.

शास्त्रात याला आधार आहे का, असं आपण विचाराल. आहे, आणि फार जुना आहे. बायबलमधल्या गणना पुस्तकाचा नववा अध्याय काढा. इस्राएली लोकांना मिसर देशातून निघून एक वर्ष झालं, त्या सुटकेच्या आठवणीचा वल्हांडणाचा सण आला. काही माणसं मोशेकडे आली. प्रेताला शिवल्यामुळे त्यांना त्या दिवशी सण करता येत नव्हता. त्यांनी विचारलं, आम्ही का वगळले जावं? मोशेनं आपल्या मनानं उत्तर दिलं नाही. 'थांबा, परमेश्वर काय सांगतो ते ऐकतो,' म्हणाला. आणि परमेश्वरानं सांगितलं की जो अशुद्ध असेल किंवा जो दूरच्या प्रवासात असेल, त्यानं दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण पाळावा. तेच कोकरू, तीच बेखमीर भाकर, तीच कडू भाजी. त्यात कुठेही कमी नाही.

'दूरच्या प्रवासात' हे त्या माणसांनी विचारलंच नव्हतं. त्यांचा प्रश्न प्रेताला शिवण्याचा होता. प्रवासातल्यांची आठवण परमेश्वरानं स्वतःहून काढली. मी हा अध्याय कितीदा तरी वाचला होता, पण या मे महिन्यात, ती पिशवी ओट्यावरून उचलून गेल्यानंतर, तो शब्द मला दिसला.

आणि नवीन कायद्यातही तेच आहे. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातला ९२० वा नियम म्हणतो की प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी ख्रिस्तशरीर, म्हणजे ती पवित्र भाकर, घ्यावं, ते पुनरुत्थान काळात घ्यावं, पण योग्य कारण असेल तर वर्षात दुसऱ्या वेळी घेता येईल. मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाबद्दल ९१३ वा नियम आहे. मुलाला पुरेसं ज्ञान असावं, काळजीपूर्वक तयारी झालेली असावी, त्याच्या कुवतीप्रमाणे ख्रिस्ताचं रहस्य त्याला कळावं आणि त्यानं श्रद्धेनं, भक्तीनं प्रभूला घ्यावं. हजेरीचे टक्के त्यात नाहीत. पोप दहावे पायस यांनी १९१० साली जाहीरनामा काढला तोच मुळी यासाठी, की ठिकठिकाणी मुलांना दहा, बारा, चौदा वर्षांची होईपर्यंत थांबवलं जात होतं. सात वर्षांच्या आसपास समज आली की मूल येऊ दे, असं त्यांनी सांगितलं. फादर, हे आपल्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. मंडळातल्या सगळ्यांना एकदा वाचून दाखवावं, एवढंच माझं मागणं आहे.

होळीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे वाट आपोआप उघडलेली आहे.

सातपुड्यातला माणूस नाताळला येऊ शकत नाही, पण होळीला येतो. मुकादमाशी भांडून येतो. काठीची राजवाडी होळी असो की आपल्या पाड्यावरची, ढोल वाजला की तीन-चार दिवस का होईना घर उघडतं. ख्रिस्ती घरंसुद्धा उघडतात, कारण बहीण, मामा, काका सगळे त्याच दिवशी भेटतात. आणि होळी बहुतेक दर वर्षी आपल्या उपवासकाळातच, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या आठवड्यांत, येते. दोन्ही सण चंद्रावर चालतात, होळी फाल्गुनी पौर्णिमेला आणि पुनरुत्थानाचा रविवार वसंतातल्या पौर्णिमेनंतर. २०२१ साली आणि पुन्हा २०२४ साली तर होळी पेटली तो दिवसच झावळ्यांचा रविवार, म्हणजे पुनरुत्थानाच्या आधीचा रविवार, होता. २०२४ च्या त्या सकाळी आपल्या देवळात किती झावळ्या उरल्या होत्या आठवतं? आणि त्याच वेळी वरच्या पाड्यावर घरं माणसांनी भरली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की आज मिस्सा आहे, आणि आपल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं की आज ते आले आहेत.

त्या तीन-चार दिवसांत एका संध्याकाळी फादर पाड्यावर आले, झाडाखाली खुर्ची टाकून प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे पापांची कबुली ऐकायला, बसले आणि अंधार पडायच्या आत मिस्सा झाली, तर वर्षातून एकदा तरी, तेही उपवासकाळात, या माणसांना ख्रिस्तशरीर मिळेल. यासाठी मंडप लागत नाही. साउंड सिस्टीम लागत नाही. होळीची तारीख वर्षभर आधी कॅलेंडरात छापलेली असते.

जाण्याच्या वेळेचंही असंच आहे. सगळं चर्च स्थलांतरित आणि निर्वासितांसाठी एक रविवार पाळतं. २०१९ पासून तो साधारणपणे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी येतो. त्या दिवशी आपण युद्धातून पळालेल्यांसाठी, समुद्रात बुडालेल्यांसाठी प्रार्थना करतो. पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर रोमबाहेर पहिल्या अधिकृत दौऱ्यावर गेले ते २०१३ च्या जुलैत लाम्पेदुसा बेटावर, त्या बुडालेल्यांसाठीच. ती प्रार्थना करायलाच हवी. पण त्या रविवारी आपल्याच देवळात, मागच्या भिंतीला टेकून, महिनाभरात ट्रकमध्ये चढणारी माणसं बसलेली असतात आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही. त्यांना वेदीपुढे बोलवा. हात ठेवून आशीर्वाद द्या. प्रत्येक पडावाला एक जपमाळ, एक छोटं प्रार्थनापुस्तक आणि कुणातरी एकाच्या हाती तिथल्या सगळ्या ख्रिस्ती घरांची यादी द्या. ते एकटे जात नाहीत, हे त्यांना कळू द्या.

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला आपल्याकडून गाडी जाते, तिच्यात पाड्यावरची माणसं सगळ्यांत आधी जागा धरतात. हरेगाव हे जुन्या बेलापूर साखर कारखान्याचं गाव. उसाच्या गावातल्या आईला भेटून उसाकडे जायचं, हे माझ्या आईनं आयुष्यभर केलं. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

नाताळाबद्दल मी आग्रह धरते. एकदा तरी. आपला नाशिक धर्मप्रांत हद्दीला संपतो आणि पलीकडे बडोदा धर्मप्रांत लागतो, हे मला माहीत आहे. तिथले फादर आणि सिस्टर चांगलं काम करतात. पण पडाव कुठे बसला हे त्यांना कळणार कसं, आणि आमच्या बायकांना गुजरातीत प्रायश्चित्त सांगता येणार कसं? फादर, आपण तिथल्या फादरांना एक पत्र लिहावं. पडावांची ठिकाणं मी मुकादमांकडून आणि फोनवरून गोळा करून देईन. चर्चच्या कायद्यातला ५२९ वा नियम धर्मगुरूनं कुणाला शोधत जावं ते सांगतो, गरिबांना, दुःखितांना, एकट्यांना, आपल्या मुलखापासून दूर पडलेल्यांना. 'शोधत जावं' असं आहे त्यात. २५ तारखेलाच यावं असं नाही. नाताळाच्या आठवड्यातली कोणतीही रात्र चालेल, ट्रक भरून झाल्यावर. मी येईन. गव्हाणी मांडायला तिथे सगळं आहे, पाचट आहे, बैल आहेत, आणि झोपडीत झोपलेलं बाळ तर हमखास सापडेल.

खर्चाचा प्रश्न निघेल. वेदीपुढची नवी फरशी आपण वर्गणीतून बसवली, ती सुंदर झाली आहे आणि त्या वर्गणीत पडावावरून परतलेल्यांनीही पैसे घातले आहेत. माझ्याकडे पावतीपुस्तक होतं, म्हणून सांगते. बारडोलीपर्यंत एका जीपचं भाडं त्या फरशीच्या पाच-सहा लाद्यांइतकंही होणार नाही.

जे पाड्यावर राहतात त्यांचंही सगळं सोपं नाही. म्हातारी माणसं असतात, आणि काही बायका थंडीत नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जातात, रविवारीसुद्धा. त्यांच्याबद्दल वेगळं बोलू, आज नको.

मंडळात एक जागा ऊसतोड करणाऱ्या कुटुंबाला द्या. आपल्या सभा जानेवारी आणि मार्चमध्ये होतात त्या जुलै-ऑगस्टमध्ये एकदा घ्या, म्हणजे तो माणूस येऊ शकेल. मंडळ सल्ला देतं, निर्णय फादर घेतात, हे मला मान्य आहे. पण सल्ला देणाऱ्यांत कोयता धरलेला हात एकही नसेल, तर पंचाहत्तर टक्क्यांसारखे नियम होतच राहतील. माझे आई-वडील कोयत्यावर होते, तरी त्या सभेत मला तो दिसला नाही. वीस वर्षं पगारावर राहिलं की माणसाच्या नजरेतून किती सुटतं, ते मी स्वतःवरून सांगते.

आता त्या नऊ मुलांचं.

शिस्त नको असं मी म्हणत नाही. तयारी पूर्ण हवी, तीही ढिली नको. फक्त ती पावसाळ्यात होऊ द्या. पेरणी आटोपली की जुलैपासून रोज संध्याकाळी, वीज असो नसो, अंगणवाडीच्या खोलीत मी वर्ग घेईन. रोजचा एक तास धरला तर आठ आठवड्यांत आपल्या वर्षभराच्या रविवारांपेक्षा जास्त तास होतात, हिशोब करून पाहा. फादर, आपण दोनदा येऊन मुलांची परीक्षा घ्यावी, पहिलं प्रायश्चित्त घ्यावं. ज्याला येणार नाही त्याला थांबवा, मी मध्ये पडणार नाही. बाकीच्यांना ८ सप्टेंबरला, मतमाउलीच्या जन्माच्या सणाला, किंवा त्याच्या जवळच्या रविवारी पहिला ख्रिस्तप्रसाद द्या. तीच मोठी मिस्सा, त्याच मेणबत्त्या, तेच गायन मंडळ, नंतर तेच जेवण. 'राहिलेल्यांचा' म्हणून सकाळी सहाला उरकू नका. देवानं दुसऱ्या महिन्यातल्या वल्हांडणात एक भाकरही कमी केली नव्हती.

फ्रॉक मी ठेवून घेतला आहे. पाड्यावरच्या घराला गळती आहे, डाग पडेल म्हणून आईनं तो माझ्याकडे आणून दिला. सप्टेंबरपर्यंत तो तिला आखूड होईल, मुली या वयात भराभर वाढतात. काठाला दोन बोटं कापड आत दुमडलेलं आहे, ते मी उसवून सोडणार आहे.

येत्या रविवारी आठच्या मिस्सेनंतर मी नऊ मुलं आणि त्यांच्या पालकांना घेऊन देवळाच्या पडवीत बसते. मंडळातल्या ज्यांना जमेल त्यांनी दहा मिनिटं तिथे यावं. मुलांची यादी, वर्गाचं वेळापत्रक आणि मागच्या हंगामातल्या पडावांची ठिकाणं मी लिहून आणते.

आपली,
धर्मशिक्षणाच्या वर्गाची बाई